पटावरून नाव कमी



मधले दीड-दोन महिने इथे काही लिहिलं नाही. ज्यांनी फोन करून चौकशी केली त्यांना तब्येतीचं कारण सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

नवरात्राच्या आधी घर आवरायला काढलं, त्याच झपाट्यात मोबाईलही आवरायला घेतला. 'जागा शिल्लक नाही' असं तो महिनाभर कुरकुरत होता. चष्मा पुसून पंख्याखाली बसले आणि व्हॉट्सअ‍ॅपमधली सुप्रभातं, गुलाबाची फुलं, उपदेश, कधीच न बघितलेले व्हिडिओ असं सगळं खुणा करकरून काढून टाकलं. माळा आवरताना होतं तसंच इथेही होतं, एकदा हात चालायला लागला की थांबत नाही. आवाजी निरोपांची एक लांबलचक यादी होती. तीही सगळीच्या सगळी निवडली आणि काढली. मोबाईल हलका झाला, मलाही बरं वाटलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की त्या यादीत ह्यांचेही निरोप होते.

ह्यांना टंकायचा मनस्वी कंटाळा. काही सांगायचं असलं की ते बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. २०२२ साली हे गेले, तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये असे पाच निरोप राहिले होते. त्यात काही मोठं ज्ञान नव्हतं. एकात बँकेत रांग आहे, उशीर होईल. एकात किल्ली कुठे ठेवलीस. एकात नातवाच्या वाढदिवसाला काय पाठवायचं. एकात औषधाच्या दुकानातून गोळ्यांचं नाव वाचून दाखवलंय, तेही चुकीचं. आणि एक मंडईतला, कैऱ्यांच्या भावाचा. मी ते रोज ऐकत होते असंही नाही. पण ते आहेत हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला नातवाला फोन लावला. तो संगणकशास्त्र शिकतो. त्याने डॉक्टरासारखे प्रश्न विचारले. आजी, कुठून काढलेस? किती वाजता? त्यानंतर मोबाईल किती वापरलास? फोटो काढलेस का? मी म्हटलं, अरे, पण काढलेलं जातं कुठे, ते आधी सांग. तो म्हणाला, "आजी, ती मोठी गोष्ट आहे."

आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला, त्यामुळे मोठी गोष्ट म्हटली की मला राहवत नाही. मग हे दोन महिने जमेल तसं वाचलं, नातवाला पिडलं, आणि जे समजलं ते माझ्या भाषेत मांडतेय. जाणकारांनी चुका कळवाव्यात.

आमच्या पिढीचं पुसणं पाटीवरचं. थुंकी लावायची, तळहाताने पुसायचं, बाईंनी बघितलं तर मार. पुसलेली अक्षरं उन्हात तिरपी धरली की पुन्हा पुसट दिसायची, हे तुमच्यापैकी ज्यांनी पाटी वापरली त्यांना आठवत असेल. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा उलटा धडा मिळाला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. चूकही वाचता आली पाहिजे. गावाकडच्या हस्तलिखित सातबाऱ्यावरही तेच. ज्याचा हक्क संपला त्याचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आमच्या सासऱ्यांचं नाव असं कंसात बसलेलं मी बघितलंय. माणूस गेला, हक्क गेला, नाव कंसात का होईना पण आहे.

गंमत अशी की संगणकाने पहिल्यापासून ह्या दोन्हींच्या मधली रीत धरली. तिला मी 'पटावरून नाव कमी करणं' म्हणते. पोरगा शाळा सोडून गेला असं आपण हजेरीपटावर लिहितो, पण समजा तो उठलाच नाही, बाकावर तसाच बसून आहे. हजेरी घेताना त्याचं नाव कुणी पुकारत नाही, म्हणून सरकारदरबारी तो नाही. नवीन मुलगा येऊन त्या बाकावर बसेपर्यंत तो तिथेच असतो. संगणकातली काढलेली फाईल म्हणजे हा पोरगा.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्यावर डॉस नावाची प्रणाली चालायची. चकतीवर एक पट असायचा. प्रत्येक फाईलला पटावर एक ओळ: आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचं आडनाव, आकार किती, आणि मजकूर कुठल्या कप्प्यापासून सुरू होतो. फाईल काढून टाका म्हटलं की डॉस काय करायचं? नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण टाकायचं आणि तिचे कप्पे 'रिकामे' म्हणून नोंदवायचं. बस्स. मजकुराला हातही लावायचं नाही. लावणार कसं, तेव्हाच्या चकत्या इतक्या सावकाश चालायच्या की सगळं पुसत बसायचं म्हणजे दिवस जायचा.

ती खूण संगणकाच्या आकड्यांत ई५. त्याआधीच्या सीपी/एम नावाच्या प्रणालीकडून ती वारशाने आली. पडद्यावर दाखवायची झालीच तर ग्रीक सिग्मासारखी दिसायची. पण हाच आकडा जपानी लिपीत अक्षराची सुरुवात म्हणून येऊ शकतो. म्हणजे एखाद्या जपान्याने आपल्या फाईलला जे नाव दिलं, ते नाव दिल्या क्षणीच डॉसच्या लेखी ती फाईल मेलेली! शेवटी अशा नावांसाठी वेगळा आकडा वापरायची पळवाट काढावी लागली. इंग्रजीत विचार करणाऱ्यांनी यंत्र घडवलं की बाकीच्यांच्या वाट्याला असल्या पळवाटा येतात. आपली देवनागरीही ह्यातून गेली आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

१९८२ साली पीटर नॉर्टन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने चुकून स्वतःची एक फाईल काढून टाकली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून पुन्हा टंकत बसला असता. नॉर्टनने ती परत आणणारा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर बाकावरच बसलेला आहे हे त्याला माहीत होतं. मित्रांना तो आवडला, मग त्याने विकायला काढला, आणि त्यातून 'नॉर्टन युटिलिटीज' उभं राहिलं. हाताची घडी घातलेला त्याचा फोटो पुढे खोक्यांवर सगळ्या जगाने पाहिला. १९९० साली त्याने कंपनी सिमँटेकला विकली. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, डॉसच्या पाचव्या आवृत्तीत फाईल परत आणायची सोय घरचीच म्हणून आली.

मला ह्यात एक गोष्ट फार भावली. नाव, आकार, सुरुवातीचा कप्पा, सगळं पटावर शाबूत असायचं, फक्त पहिलं अक्षर गेलेलं. ते यंत्राला कळायचं कुठलाच मार्ग नव्हता. म्हणून फाईल परत आणताना तो प्रोग्रॅम माणसाला विचारायचा: पहिलं अक्षर काय होतं? ते तेवढं तुम्ही सांगायचं. तुम्हाला आठवत नसेल तर काहीही एक अक्षर द्या, फाईल उठून उभी राहणार. मात्र फाईल मोठी असून तिचे तुकडे लांब लांबच्या कप्प्यांत विखुरलेले असले, तर काम अवघड. कारण पुढचा तुकडा कुठे आहे ह्याची साखळी तोडलेली असायची.

हे सगळ्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे एकदा एक सरकार अडचणीत आलं. अमेरिकेत रेगन राष्ट्राध्यक्ष असताना इराणला चोरून शस्त्रं विकली आणि तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला गेला. नोव्हेंबर १९८६ मध्ये हे उघडकीला आल्यावर ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर ह्या दोन अधिकाऱ्यांनी आपापल्या संगणकातले हजारो निरोप काढून टाकले. तिथे आयबीएमची निरोप-यंत्रणा होती. पण यंत्रणा सांभाळणारे लोक नेमाने सगळ्याच्या नकला चुंबकीय फितींवर घेऊन ठेवत होते. निरोप गेले, फिती राहिल्या. १९८७ साली चौकशी समितीच्या अहवालात त्यातला मजकूर आला, आणि नॉर्थने साक्षीत कबूल केलं की डिलीटचं बटण दाबलं म्हणजे कायमचं गेलं अशी आमची खरोखरच समजूत होती. फडावर कागद फाडण्याचं यंत्र चालवणारा माणूस ह्या बटणावर मात्र फसला. 'कॉपी दुसऱ्याकडे आहे' हा मुद्दा लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

कचऱ्याची टोपली आली ती १९८३ साली, अ‍ॅपलच्या लिसा नावाच्या संगणकावर, आणि वर्षभराने मॅकिंटॉशवर. नको ते टोपलीत टाका, चूक झाली तर टोपलीतून उचला. सुरुवातीच्या मॅकिंटॉशची टोपली आपोआप रिकामी व्हायची, यंत्र बंद केलं की कचरावाला येऊन गेलाच. १९९१ नंतर ती आपण सांगेपर्यंत थांबायला लागली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ मध्ये, म्हणजे १९९५ साली, रिसायकल बिन आणली. तिथे तर शुद्ध नावाचाच खेळ: फाईल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जायची, तिथे तिला डी, मग ड्राइव्हचं अक्षर, मग क्रमांक असं कैद्यासारखं नाव मिळायचं, आणि खरं नाव-गाव एका वेगळ्या वहीत टिपलेलं असायचं.

मी २००४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एमएस-सीआयटी केली. आम्हा शिक्षकांना सक्तीच होती. वर्गात मुलांच्या वयाची सर-मॅडम आणि बाकांवर आम्ही पिकलेले. 'रिसायकल बिन रिकामी केल्यावर फाईल कुठे जाते?' असा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. सरांनी "परमनंटली डिलीट होते, मॅडम" असं उत्तर दिलं आणि परीक्षेत तेच लिहायला सांगितलं. मी लिहिलं, मार्कही मिळाले. उत्तर चूक होतं. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमधल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट ह्या दोघांनी एक निबंध छापला होता. त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, वैद्यकीय माहिती, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक. सगळे पोरगे बाकांवर!

आता मोबाईलकडे येते. मोबाईलच्या पोटात चकती नसते, फ्लॅश स्मृती असते. ती तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका ह्या जपानी संशोधकाने शोधली. १९८४ साली त्याने ती जगापुढे मांडली, आणि आज मोबाईलमध्ये असते ती नॅन्ड जातीची १९८७ साली. फ्लॅश हे नाव कशावरून आलं असेल? मला वाटलं वेगावरून. तर नाही, पुसण्यावरून! त्याच्या एका सहकाऱ्याला मोठा भाग एका झटक्यात पुसला जाताना पाहून कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. ज्या वस्तूत आपण जन्माच्या आठवणी साठवतो तिचं बारसं पुसण्यावरून झालंय. (मासुओकाला कंपनीने पुरेसं दिलं नाही, तो कोर्टात गेला आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. त्या शोधावर उभा राहिलेला धंदा बघता चणेफुटाणेच.)

हे पुसणं झटक्यात होतं, पण त्याला एक अट आहे. फ्लॅशमध्ये एकच शब्द पुसून तिथे दुसरा लिहिता येत नाही. लिहायचं पानापानाने, पुसायचं मात्र शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. शिवाय प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो. म्हणून आतला कारभारी काय करतो, तर दुरुस्ती जुन्या जागी न करता नव्या कोऱ्या पानावर लिहितो आणि 'आता हे खरं, ते जुनं' अशी नोंद करतो. जुनं पान आपल्या जागी पडून. फावल्या वेळात तो जुन्या पानांचे गठ्ठे शोधतो, त्यातली कामाची पानं दुसरीकडे उतरवून घेतो आणि गठ्ठा पुसून टाकतो. आपण ज्याला 'काढून टाकलं' म्हणतो ते खरं पुसलं जाणं हे असं आपल्या मागे, आपल्याला न विचारता, रात्री-अपरात्री चालतं. कुठली पानं आता नकोत हे प्रणालीने कारभाऱ्याला कळवायची रीत अँड्रॉइडमध्ये २०१३ साली, ४.३ आवृत्तीत, नेमाने सुरू झाली. मोबाईल शांत पडलेला असताना हे काम उरकलं जातं. नातवाने "त्यानंतर किती वापरलास, चार्जिंगला लावून ठेवलास का" असं का विचारलं ते मला इथे कळलं. मी रात्रभर लावून ठेवला होता.

तरीही सुरुवातीच्या स्मार्टफोनांतून बरंच परत मिळायचं. २०१४ साली अवास्ट कंपनीने वापरलेले २० अँड्रॉइड फोन विकत घेतले, मालकांनी पुसून विकलेले. त्यांतून ४० हजारांवर फोटो निघाले. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन ह्यांनी २१ फोन तपासून सांगितलं की 'फॅक्टरी रीसेट' करूनही माहिती नीट जात नाही असे फोन जगात ५० कोटींपर्यंत असू शकतील.

मग उपाय काय निघाला? पुसायच्या भानगडीतच पडायचं नाही. लिहितानाच सगळं कुलूपबंद, सांकेतिक लिपीत लिहायचं. किल्ली असेल तर वाचता येईल, नाहीतर ती नुसती गिचमीड. पुसायची वेळ आली की मजकूर राहू द्यायचा, किल्ली फेकून द्यायची. आयफोनने हे २००९ च्या ३जीएस पासून सुरू केलं आणि पुढच्या वर्षीपासून फाईलगणिक वेगळी किल्ली केली. अँड्रॉइडने २०१५ मध्ये बहुतेक ताकदवान नव्या फोनांना आणि २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीपासून, सगळ्याच नव्या फोनांना ते सक्तीचं केलं. तिथेही वेगवेगळ्या फाईलींना वेगवेगळ्या किल्ल्या असू शकतात.

म्हणजे चाळीस वर्षांत सगळं उलटं झालं बघा. डॉसच्या काळात नाव जायचं आणि मजकूर राहायचा, नावाचं अक्षर माणूस आठवून सांगायचा. आता पोरगा बाकावर बसलेला असला तरी त्याची भाषा जगात कुणालाच येत नाही. चोरापासून हे आपलं रक्षण आहे, ह्यात वाद नाही. माझा मोबाईल उद्या रिक्षात राहिला तर मी ह्याच लोकांना दुवा देईन. पण स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायची पाळी आली की काय वाटतं, ते मी त्या आठवड्यात अनुभवलं.

ज्यांना घाईने काही परत मिळवायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगते, म्हणजे माझ्या गोष्टीसाठी थांबावं लागणार नाही. मोबाईलमध्ये हल्ली टोपल्या असतात, आणि एक नाही, प्रत्येक दुकानाची वेगळी. आयफोनमध्ये २०१४ पासून फोटोंची 'नुकतेच हटवलेले' अशी यादी असते, ३० दिवस. गूगल फोटोजमध्ये ढगात चढवलेले फोटो टोपलीत ६० दिवस राहतात, नुसते मोबाईलमधले असतील तर ३०. फाईल्सच्या अ‍ॅपची टोपली निराळी. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून तर टोपलीतल्या फोटोचं नावच बदलतं: पुढे एक टिंब, मग 'ट्रॅश्ड', मग त्याच्या मरणाची तारीख आकड्यात, मग मूळ नाव. टिंबाने सुरू होणारं नाव मोबाईल दाखवत नाही, एवढंच. म्हणजे नॉर्टनच्या काळी पहिलं अक्षर खोडायचे, आता पुढे जोडतात!

जुन्या फोनमधल्या मेमरी कार्डाची गोष्ट अजून जुन्या रीतीची. ते सहसा कुलूपबंद नसतं. कार्ड ताबडतोब बाहेर काढायचं, त्यावर नवीन काही लिहू द्यायचं नाही, आणि संगणकाला लावून फोटोरेकसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवायचा. तो पट बघतच नाही, मजकुराची सुरुवात ओळखतो. जेपेग फोटोची पहिली दोन अक्षरं ठरलेली असतात. उत्तरपत्रिकेवर नंबर नसला तरी अक्षरावरून पोर ओळखता येतं, तसंच. नावं मात्र परत मिळत नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅप? त्याला टोपलीच नाही. 'माझ्यापुरतं काढा' म्हटल्यावर मन बदलायला २०२२ च्या डिसेंबरपासून पाच सेकंद देतात. पाच! आम्ही मुलांना उत्तर आठवायला ह्याहून जास्त द्यायचो. निरोप पोचला की त्यांच्याकडे तो राहत नाही. मोबाईलमध्ये रोज पहाटे संभाषणाची नक्कल होते, पण त्यात लेखी मजकूर असतो, आवाज नाहीत. आवाज जातात ते गूगलच्या ढगात, नक्कल चालू असेल तर. माझी बंद होती. २०२४ पासून ती नक्कल गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजायला लागले, ते भरले, रोज पैसे भरा म्हणून सूचना यायला लागली, आणि मीच एका सकाळी वैतागून ती बंद केली.

कधी कधी उलटंही होतं म्हणे. मे २०२४ मध्ये आयफोनची १७.५ आवृत्ती आली आणि लोकांचे कित्येक वर्षांपूर्वी काढलेले फोटो अचानक परत दिसायला लागले. आठवड्याभरात कंपनीने दुरुस्ती पाठवली. माहितीच्या पटात बिघाड झाला होता, असं कारण दिलं. लोक घाबरले, चिडले, ते बरोबरच. मी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते लिहायला नको.

असो. तर मी एका दुकानात गेले. 'डिलीट डेटा परत मिळेल' अशी पाटी होती. दीड हजार रुपये आगाऊ घेतले, दोन दिवस मोबाईल ठेवून घेतला. परत दिला तेव्हा त्या मुलाने मोठ्या अभिमानाने शेकडो चिमुकली चित्रं दाखवली. सगळी मी काढून टाकलेली सुप्रभातं! नातवाने नंतर सांगितलं की अशी अ‍ॅप्स मोबाईलच्या आतल्या कप्प्यांपर्यंत पोचूच शकत नाहीत, ठेवणीतल्या लहान नकला गोळा करून दाखवतात. आणि आतपर्यंत पोचायला मोबाईलचं कुलूप कारखान्याच्या पद्धतीने उघडायला गेलं तर तो आधी सगळं पुसतो. त्या मुलावर मी रागावले नाही, त्यालाही बहुधा खरंच वाटत होतं.

मग ह्यांचा स्वतःचा फोन आठवला. पाठवणाऱ्याकडे नक्कल असतेच. पण तो फोन २०२३ साली एक्स्चेंजमध्ये गेला. देण्याआधी बँकेची माहिती राहू नये म्हणून मीच नातवाला विचारून विचारून, एकेक पायरी नीट करून, तो रीसेट केला होता. किल्ली फेकली होती. काम अगदी चोख केलं होतं.

शेवटी इंदूरला वन्संना फोन केला, खरं म्हणजे रडायलाच. वन्सं एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या मोबाईलची आम्ही सगळे चेष्टा करायचो. त्यात चाळीस हजार निरोप आहेत, सून दर दोन वर्षांनी जास्त जागेचा मोबाईल आणते आणि जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून देते. मी विचारलं, तुम्ही कधी काही काढत कसं नाही हो? म्हणाल्या, "अगं, मला काढता येतच नाही."

दोन दिवसांनी त्यांच्या सुनेने एक आवाज पाठवला. एप्रिल २०१९. कैऱ्यांचा. ह्यांनी मला पाठवलेला, आणि मी 'बघा तुमचा भाऊ कसा बाजार करतो' म्हणून वन्संना पुढे ढकललेला. तेवीस सेकंद आहे. पहिली पंधरा सेकंद मंडईतला गलका, मग हे विचारतात, साठ रुपये किलो सांगतोय, दोन घेऊ का तीन, आणि मग त्या विक्रेत्यालाच "थांब रे जरा, विचारतोय ना" म्हणतात. तिथे संपतं. वन्संनीही तो सहा वर्षांनी पुन्हा ऐकला. त्या म्हणाल्या, आवाज थेट बाबांसारखा झाला होता गं त्याचा. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं, मी सासऱ्यांना फार थोडा काळ ऐकलं.

बाकीचे चार मिळाले नाहीत. म्हणून हे सगळं लिहिलं.

नागपूरकर, बेळगावकर, ठाण्याची मंडळी, आणि टोरोंटोला आमची भाची वाचत असेल तर तीही: २०१७ ते २०२२ ह्या काळात मी तुम्हाला पुढे पाठवलेला किंवा ह्यांनी तुम्हाला, घरच्या ग्रुपवर, कुठेही पाठवलेला आवाज तुमच्याकडे असेल. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये माझं किंवा ह्यांचं नाव उघडा, वर नावावर बोट ठेवा, 'मीडिया' मध्ये जा. आवाजी निरोप तिथे नसले तर संभाषण वर सरकवत सरकवत शोधावं लागेल, त्याला इलाज नाही. फाईल्सच्या अ‍ॅपमध्ये 'व्हॉइस नोट्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात आठवड्यागणिक कप्पे असतात, तिथेही बघा. गोळ्यांच्या नावाचा सापडला तर उत्तमच, पण कुठलाही चालेल. आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये कुणी जुना फोन द्यायला काढला असेल, तर देण्याआधी मला एक फोन करा. रात्री कितीही वाजता केलात तरी चालेल.